नजरअंदाज

शोलिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात एका बाजूला मोठी खिडकी आहे आणि समोरच्या भिंतीवर मोठा पडदा. खिडकीतून पल्लीकरणैच्या दलदलीचा एक तुकडा दिसतो. हिवाळ्यात तिथे रोहित उतरतात. पडद्यावर खांब दिसतात, दर दोन आठवड्यांचे दोन. करडा खांब म्हणजे आम्ही करू म्हणालो तेवढं काम, हिरवा म्हणजे प्रत्यक्षात पुरं झालं तेवढं. या चित्राला व्हेलॉसिटी चार्ट म्हणतात, आणि गेली काही वर्षं ते सांभाळण्यावर माझं घर चालतं.

सांगोल्याकडून चेन्नईला येऊन मला बारा-तेरा वर्षं झाली. वडिलांना मी अण्णा म्हणतो. इथे रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळेच अण्णा, पण तमिळमधला अण्णा म्हणजे थोरला भाऊ. त्यामुळे दिवसातून दहा वेळा उगीचच घरची आठवण होते. ‘तू तिथं नेमकं काय करतोस?’ हा अण्णांचा जुना प्रश्न. एका सुट्टीत ओसरीवर बसून मी त्यांना ते नीट सांगायचं ठरवलं.

म्हटलं, मोठं काम असतं त्याचे आम्ही बारीक तुकडे करतो. दोन आठवड्यांचा एक टप्पा, त्याला स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक तुकडा किती अवघड आहे याचे पॉइंट ठरवतो. तास नाही मोजायचे, कारण तासांच्या बाबतीत माणूस स्वतःलाच फसवतो. एक काम दुसऱ्याच्या मानाने केवढं, एवढंच ठरवायचं. प्रत्येकाच्या हातात पत्ते असतात: १, २, ३, ५, ८, १३. सगळ्यांनी पत्ता पालथा टाकायचा आणि एकदम उलटायचा. एकाचा ३ आला आणि दुसऱ्याचा ८, की खरी चर्चा सुरू होते. आठवाल्याला बहुधा अशी एखादी अडचण माहीत असते जी तीनवाल्याच्या ध्यानातच आलेली नसते.

हे आकडे जगभर फिबोनाचीच्या नावाने ओळखतात. पण त्याच्या आधी, बाराव्या शतकात, हेमचंद्राने मात्रावृत्तांचा हिशेब करताना ते मांडले होते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. आमच्या पत्त्यांत मला यातली एक गोष्ट आवडते. आकडा मोठा होतो तसं पुढच्या आकड्यापर्यंतचं अंतर वाढत जातं. काम जितकं मोठं, तितकं आपल्याला त्यातलं कमी कळतं, याची ती कबुलीच आहे.

टप्पा संपला की पुऱ्या झालेल्या कामांचे पॉइंट मोजायचे. नव्वद टक्के झालेलं काम शून्य धरायचं. समजा गेल्या चार टप्प्यांत ३४, ३१, ३८ आणि ३७ झाले, तर सरासरी ३५. पुढच्या वेळी ३५च्या आसपास काम उचलायचं, आणि कुणाला शब्द द्यायचा असेल तर ३१ धरून द्यायचा. रजा, सणवार आधी वजा करायचे. जानेवारीत पोंगल असतो, त्या टप्प्याला सरासरी लावणं हा शुद्ध वेडेपणा. शिवाय एका टीमचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवायचा नाही. प्रत्येक टीमची पायली वेगळी.

अण्णांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हंजे आणेवारीच की!’

तेव्हा मी हसलो होतो.

२००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यांत रॉन जेफ्रीज होते. पॉइंट बहुधा आपणच काढले असावेत, आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. ते मी वाचलं होतं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली मांडलेलं सूत्रही मला पाठ होतं, की एखाद्या मापावर हुकूम चालवायला गेलं की ते माप भरवशाचं राहत नाही. माहिती होती, तरी व्हायचं ते झालं.

२०२३च्या २७ नोव्हेंबरला आमचा टप्पा सुरू झाला, ३६ पॉइंटांचा. ३ डिसेंबरच्या रात्री मिचाँग वादळाचा पाऊस लागला आणि ४ तारखेला, सोमवारी, दिवसभर थांबला नाही. २०१५चा पूर मी पाहिला होता, त्यामुळे पाण्याचे डबे आणि मेणबत्त्या भरून ठेवायची अक्कल होती. घरून काम करा, असा निरोप आला. पण वीज नव्हती आणि मोबाइलला रेंजही नव्हती. आमच्या टीममधली टेस्टर वेलचेरीला तळमजल्यावर राहायची. तिचा फोन दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की ती आईवडिलांना घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आहे आणि खाली घरात कमरेएवढं पाणी आहे.

दक्षिण चेन्नईचं पावसाचं पाणी पूर्वी पल्लीकरणैच्या दलदलीत जिरायचं. तिच्यावर इमारती आल्या, रस्ते आले, आणि पाणी वेलचेरीच्या घरांत शिरू लागलं. २०२२ साली या दलदलीला रामसर दर्जा मिळाला, पण तोवर तिचा बराच भाग गेला होता. आमची खिडकी त्या उरलेल्या भागाकडे उघडते.

टप्पा संपला तेव्हा हिरवा खांब ११चा होता. लिहून झालेली कामं बरीच होती, पण ती तपासणारी मुलगी पाणी उपसत होती. न तपासलेलं काम शून्य.

आढाव्याच्या बैठकीत दूरदेशीच्या साहेबांनी त्या खांबावर बोट ठेवलं. वादळाची बातमी त्यांना ठाऊक होती, सहानुभूतीही होती. मग त्यांनी विचारलं, ‘ही तूट भरून कधी काढणार?’ पुढच्या टप्प्याला ४४ होतील का, असंही त्यांनी विचारलं.

उत्तर मला येत होतं. ११ हा आकडा सरासरीत धरायचा नाही, कारण तो पावसाचा आहे, आणि तूट म्हणून पुढे ओढायचाही नाही. पुढचा टप्पा ३५चासुद्धा नको. निम्म्या टीमच्या घरात चिखल आहे, पंचवीस धरू. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, ‘होतील.’

होणार कसे, ते नियोजनाच्या बैठकीत ठरलं. पत्ते उलटले की मी म्हणायचो, ‘हे काम जरा जास्त वाटत नाही का?’ कुणी वाद घातला नाही. ३ची कामं ५ झाली, ५ची काही ८. २२ डिसेंबरला हिरवा खांब बरोबर ४४ला टेकला. बैठकीत टाळ्या पडल्या. काम पूर्वीच्या पस्तिशीइतकंच झालं होतं, आणि तेवढंही रात्री जागून. तिच्या घरातली फरशी अजून धुवून व्हायची होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती एक क्षुल्लक लबाडी ठरली असती. पण पुढे १७५ पॉइंटांचं काम शिल्लक होतं, आणि ते जुन्या मापाने मोजलेलं होतं. त्याला ४४ने भागलं की चार टप्पे येतात, म्हणजे १६ फेब्रुवारी. खऱ्या ३५ने भागलं तर पाच, पोंगल धरला तर सहा. भागाकार मीच केला आणि चार सांगितले. गहू एका पायलीने मोजायचा आणि पोती दुसरीने, अशातला तो प्रकार होता.

काम मार्चच्या मध्याला पुरं झालं. मधले सगळे शनिवार गेले आणि दोन रविवारही. सगळ्यांत जास्त तिचे गेले, कारण तपासणी नेहमी शेवटी असते आणि उशिराचं सगळं ओझं शेवटच्या माणसावर येतं. एप्रिलमध्ये तिने राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी तांबरमला घर घेतल्याचं सांगितलं, यावेळी दुसऱ्या मजल्यावर. जाताजाता म्हणाली, ‘अण्णा, डिसेंबरच्या त्या बैठकीत माझा पत्ता ३चा होता. तुम्ही पाच म्हणालात, म्हणून मी तो उचलून घेतला.’ बोलण्यात राग नव्हता.

त्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आणेवारीचा विषय मीच काढला. सोळा आण्यांचं पीक म्हणजे पूर्ण पीक. १९५७ साली दशमान नाणी आली आणि कागदावर पैसेवारी झाली, पण अण्णांच्या पिढीच्या तोंडी आणेवारीच राहिली. आधी नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, आणि पीक कापणीच्या प्रयोगांनंतर अंतिम. त्या प्रयोगात शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखून पीक कापतात आणि तोलतात. ५० पैशांच्या खाली गेलं की दुष्काळाच्या सवलतींचं दार उघडतं.

‘तिथंच गोम हाय,’ अण्णा म्हणाले. ‘एकदा पन्नासची रेघ मारली का कुणी शेताकडं बघत न्हाई. ज्याला खाली पायजे तो खाली ढकलतो, ज्याला वर पायजे तो वर. ज्वारी आपली हाय तिथंच उभी.’

मी त्यांना ४४ची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, हसतील. ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘आमची आणेवारी दुसरी माणसं लावत्यात रं. तुझी तूच लावलीस.’

परतीच्या गाडीत ‘नजरअंदाज’ हा शब्द डोक्यात घोळत राहिला. आमच्या महसुली मराठीत त्याचा अर्थ डोळ्यांनी बघून बांधलेला अंदाज. माझ्या टीममधल्या लखनौच्या मुलाला विचारलं तर तो सांगेल, बघूनही न बघणं. डिसेंबरच्या त्या बैठकीत मी यांतलं काय केलं होतं, हे विचारायला लखनौपर्यंत जायची गरज नव्हती. शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकवलं होतं की चाल नुसती किती ते सांगते, वेगाला दिशाही असते. माझ्या खांबांना फक्त उंची होती.

आता नियोजनाच्या बैठकीत मी पत्ता टाकत नाही आणि पत्ते उलटल्यावर पहिला बोलत नाही. तारीख विचारली तर एक सांगत नाही, दोन सांगतो: सगळं नीट गेलं तर ही, नाहीतर ती. हे साहेबांना आवडतं असं नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमीच्या दिवसांत, सरासरी बघण्याआधी एक प्रश्न विचारतो, ‘तळमजल्यावर कोण राहतं?’ २०२४च्या नोव्हेंबरअखेर फेंगल वादळ येणार अशी बातमी होती, तेव्हा आम्ही २६च पॉइंट उचलले. करडा खांब एवढा बुटका का, असं विचारणं झालं. ‘पाऊस आहे,’ म्हणालो. वादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं. आमचे २९ झाले आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळे वेळेवर घरी गेले.

आमच्या पडद्यावर शेवटचे सातच टप्पे दिसतात. नवा खांब आला की डावीकडचा एक नाहीसा होतो. ११चा खांब असाच एके सोमवारी गेला, आणि पुढच्या टप्प्याला ४४चाही. दोन्ही मी माझ्या वहीत उतरून ठेवले आहेत, ४४च्या पुढे कंसात ३५ लिहून.

अण्णांचा फोन आला की हल्ली ते विचारतात, ‘काय रं, औंदा किती पैसं?’ मी खरा आकडा सांगतो. ते ‘बरं’ म्हणतात आणि गावाकडच्या पावसाचं सांगायला लागतात.