पडदा कुणाच्या हातात?

पडदा म्हटलं की आमच्याबद्दल बोलणाऱ्यांना आधी बुरखा आठवतो. त्यावर इतकं लिहून झालंय, की एखादी मुस्लीम बाई खिडकीच्या साध्या कापडी पडद्यावर लिहील असं कुणाला वाटतही नाही. आज मी त्याच पडद्याबद्दल लिहिणार आहे. फरक इतकाच, की हा पडदा मोटरवर चालतो आणि त्यानं कधी खाली यायचं हे घरातला एक छोटा संगणक ठरवतो.

कोंढव्यातला आमचा फ्लॅट पश्चिमेकडे तोंड करून आहे. मार्च ते मे, दुपारी तीननंतर अम्मीची खोली तापते. अब्बांच्या मराठवाड्यातल्या घरी अशा वेळी वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारत. सहाव्या मजल्यावर ते जमणारं नाही. खिडकीला रोलरचा पडदा होता, पण त्याची मण्यांची साखळी ओढणं अम्मीच्या संधिवातानं आखडलेल्या बोटांना झेपेना. पडदा खाली घ्यायचा तर कुणाला तरी हाक मारावी लागे, आणि हाक मारणं तिला आवडत नाही. मोटर आली ती एवढ्यासाठी.

ही मोटर रोलरच्या नळीतच बसते. बाजारात बऱ्याच मोटरी ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओवर चालणाऱ्या आणि एकतर्फी असतात. म्हणजे हुकूम ऐकतात, पण उत्तर देत नाहीत. पडदा खरंच खाली आला की मध्येच अडकला, हे संगणकाला कळत नाही. म्हणून आम्ही झिगबीवर चालणारी मोटर घेतली. ती आपली जागा टक्क्यांत कळवते: शून्य म्हणजे पूर्ण बंद, १०० म्हणजे पूर्ण उघडा. तिची बॅटरी काही महिन्यांनी चार्ज करावी लागते, पण वीज गेली तरी पडदा हलतो. रिमोट थेट मोटरशी जोडलेला आहे, त्यामुळे संगणक बंद पडला तरी अम्मीचं बटण चालतं.

संगणक म्हणजे एक रास्पबेरी पाय. त्यावर होम असिस्टंट ही मोफत प्रणाली चालते. तिला घराचे अक्षांश-रेखांश दिले, की सूर्य कुठल्या दिशेला आणि क्षितिजापासून किती अंशांवर आहे हे ती सतत सांगत राहते. घड्याळाची वेळ लावून आमचं भागलं नसतं. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनअखेर सव्वासातच्या सुमारास. मावळण्याची जागाही नैर्ऋत्येपासून वायव्येच्या दिशेला जवळपास ५० अंश सरकते. त्यामुळे नियम असा केला: सूर्य पश्चिमेच्या बाजूला आला आणि ४५ अंशांच्या खाली उतरला, की पडदा ३० टक्क्यांवर यावा. आतल्या पडद्यानं सगळं ऊन थांबत नाही, कारण काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. तरी पांढऱ्या कापडानं फरक पडतो, आणि पलंगावर येणारी तिरीप थांबते.

सूर्याच्या कोनाचं हे गणित आम्हाला नवं नव्हतं. नमाजाच्या वेळापत्रकात तेच असतं. होम असिस्टंटमध्ये नमाजाच्या वेळांची सोयही आहे, आणि तिथे अस्रसाठी शाफई की हनफी हे विचारतात. अम्मी कोकणातली, म्हणून शाफई, अब्बा हनफी. माध्यान्हीची सावली सोडून वस्तूची सावली वस्तूइतकी झाली, की अम्मीची अस्र सुरू होते. ती दुप्पट झाली की अब्बांची. यावरून दोघांची थट्टा चाळीस वर्षं चालू आहे. पडद्यासाठी आम्ही नुसता सूर्याचा कोनच ठेवला, त्यामुळे त्याला कुणाची बाजू घ्यावी लागली नाही.

मगरिबला मात्र पडदा आपोआप पूर्ण बंद होतो. दिवसा बाहेर उजेड जास्त असतो, तेव्हा समोरच्या इमारतीतून आतलं फारसं दिसत नाही. दिवे लागले की चित्र उलटतं आणि सगळी खोली समोरच्यांना दिसते. अम्मी वुजू करून येते तोवर पडदा खाली आलेला असतो.

जाहिरातीत नेहमी उलटं दृश्य असतं. सकाळ होते, पडदा आपोआप वर जातो, झोपलेल्या बाईच्या चेहऱ्यावर ऊन येतं. तो नियम मी लिहिलाच नाही. कुरआनात सूरह नूरच्या ५८व्या आयतीत सांगितलंय, की दिवसातून तीन वेळा घरातल्या सेवकांनी आणि लहान मुलांनीही परवानगी घेऊन आत यावं: फजरच्या आधी, दुपारी कपडे सैल करून पडायच्या वेळी आणि इशानंतर. इतर वेळी ती मोकळेपणानं येऊ-जाऊ शकतात. माझ्या मनात आलं, हा संगणक घरातला सेवकच तर आहे. रोजच्या वावरातल्या माणसालाही विचारून यावं लागतं, तर यंत्रानं न विचारता पडदा का उघडावा? म्हणून आमच्या घरी बंद करायला परवानगी लागत नाही, उघडायला लागते. पडदा वर जातो तो फक्त अम्मीच्या बटणानं. माझ्या फोनवर तिच्या खोलीचं वर जाण्याचं बटणच ठेवलेलं नाही.

हे अतिरेकी वाटेल त्यांना माझ्या चुलत बहिणीचं सांगते. ती मुंब्र्याला राहते. तिच्याकडचे पडदे एका कंपनीच्या ॲपवर चालत, आणि प्रत्येक हुकूम आधी लांबच्या सर्व्हरवर जाऊन परत येई. एका रात्री इंटरनेट गेलं आणि रस्त्याकडचा पडदा अर्ध्यावर राहिला. शेवटी चादर टांगली. दुरुस्तीच्या वेळी आणखी एक गोष्ट निघाली: बसवून गेलेल्या माणसाच्या फोनवर तिच्या घराचं खातं आठ महिने तसंच सुरू होतं. त्यानं काही केलं असं कुणी म्हणत नाही. पण तिच्या झोपायच्या खोलीचा पडदा इतके दिवस एका अनोळखी माणसाला उघडता येत होता. ती दोन दिवस नीट झोपली नाही.

तेव्हा असा पडदा घेणार असाल तर दुकानदाराला किंमत विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारा. इंटरनेट नसताना चालतो का? खातं कुणाच्या नावावर, आणि बसवणारा माणूस गेल्यावर कुणाकुणाच्या फोनवर राहणार? आणि त्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या हाताला येईल असं साधं बटण आहे का? तिसरा प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारा. आमच्याकडे अम्मीनं तिथेच सांगितलं, बटण मोठं हवं, आणि उशाशी हवं.