पत्त्यांची अमानत

आमचे एक सहकारी यंदा हजला निघाले. कार्यालयाच्या कामातले लेखक, छापखाने, कागदवाले अशा सर्वांचे पत्ते त्यांच्याच आऊटलुकमध्ये होते. कुणी सुचवले, "पासवर्ड देऊन जा." ते हसून म्हणाले, "पासवर्ड कशाला? फोल्डरची परवानगी देतो."

त्यांनी कामाच्या पत्त्यांचे वेगळे फोल्डर केले आणि आम्हांला ते केवळ वाचण्याची परवानगी दिली. कार्यालयाची खाती एक्स्चेंज सर्व्हरवर असली की हे जमते. नोंद दिसते, पण बदलता येत नाही. घरच्यांचे, सोयऱ्यांचे पत्ते त्यांच्यापाशीच राहिले. एखाद्या नोंदीवर 'खासगी' अशी खूण करता येते; पण फोल्डर वाचू शकणाऱ्यापासून लपवायला तेवढी खूण पुरत नाही, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. म्हणून वेगळे फोल्डरच बरे.

एक अडचण मात्र आपल्या नावांची. 'शेख' रोमन लिपीत कुणी 'ए-आय' घालून लिहितो, कुणी 'ई-आय'. एका रूपाने शोधले की दुसऱ्या रूपातले शेखसाहेब सापडत नाहीत. निमंत्रण राहून जाते, आणि माणूस दुखावतो तो कायमचा. म्हणून आम्ही आडनावाऐवजी गावाच्या नावाने शोधतो. सहकाऱ्यांनी प्रत्येक नोंदीत गाव लिहून ठेवले आहे.

हजला जाणारा माणूस देणी फेडतो, ज्याची अमानत त्याच्या हाती सोपवतो, मगच घराबाहेर पडतो. शेकडो माणसांनी विश्वासाने दिलेले पत्ते हीदेखील अमानतच. ते परतले की परवानगी काढून घेतील. घ्यावीच.