मावशींची गोष्ट

मातृभाषा म्हणजे आईने मुलास शिकविलेली भाषा, ही आपली समजूत. इस्रायल देशात पुष्कळ घरी हे उलटे झाले. तेथे मुलांनीच आयांना भाषा शिकविली. काही वर्षांपूर्वी तेल अवीवनजीकच्या लोद गावी दोन दिवस राहण्याचा योग आला, तोवर मला या गोष्टीचे निव्वळ कौतुकच होते.

कौतुकास कारणही तसेच होते. एलिएझर बेन येहुदा हा गृहस्थ १८८१ साली जेरुसलेमास येऊन राहिला. हिब्रू ही तेव्हा मुख्यतः ग्रंथांची व प्रार्थनेची भाषा. घरात दुसरी भाषा म्हणून येऊ द्यावयाची नाही, असा त्याने नेम केला. पुढील वर्षी मुलगा झाला. पत्नीने त्यास रशियन अंगाई म्हटली म्हणून हा संतापला, असे सांगतात. शब्दकोशापासून आइस्क्रीमपर्यंत नवे शब्द त्याला घडवावे लागले. पवित्र वाणी बाजारात आणली म्हणून कर्मठ मंडळी रुष्ट झाली. (आपल्या घरी कोणी भाजीवालीशी संस्कृतात घासाघीस करू लागला, तर वडीलधाऱ्यांचे काय होईल?)

परंतु हिब्रू घराघरांत आली, तेव्हा पूर्व युरोपातील यहुद्यांची यिद्दिश, स्पेनमधून आलेल्यांची लादिनो, बगदादकडील अरबी, या साऱ्या भाषा माजघरात ढकलल्या गेल्या. कोकणातून गेलेल्या बेने इस्राएलांची मराठीही त्यांतच.

लोदला मी उतरलो ते अशाच एका घरी. घरच्या आजीबाई मूळच्या अलिबागकडच्या, आमच्या मातोश्रींच्या शाळासोबतीण. मी त्यांना मावशी म्हणतो. गावात यहुदी व अरब शेजारीशेजारी राहतात. संत जॉर्जचे चर्च व मशीद एकमेकांस लागून आहेत. रस्त्यात रशियन ऐकू येते, इथिओपियाकडील अम्हारिकही. अरबी ही २०१८ पर्यंत हिब्रूच्या बरोबरीने राज्याची भाषा होती; त्या वर्षीच्या कायद्याने तो मान एकट्या हिब्रूस दिला. विवाह मात्र ज्याने त्याने आपापल्या धर्मपीठाकडूनच लावून घ्यावा लागतो. नोंदणी विवाहाची सोय देशात नाही.

शुक्रवारी दिवेलागणीस शब्बाथची प्रार्थना झाली. सात वर्षांच्या नातवाने हिब्रू मंत्र खडखडीत म्हटले. मावशींचा चेहरा फुलला. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे त्यांचे पूर्वज. त्यांनाही ही वाणी एवढी अवगत नव्हती.

मग त्या मला हळूच म्हणाल्या, "बाजारापुरती हिब्रू मला येते रे बाळ, पण गोष्ट सांगायला ती पुरत नाही."

मी म्हटले, "मावशी, सांगा तर खऱ्या."

त्यांनी चिऊकाऊची गोष्ट आरंभिली. सून हिब्रूत सांगू लागली. पण शेण आणि मेण यांचे यमक तिकडे कोठून आणावे? मुलाला ती घरे कशाची, एवढेच कळले, गंमत कळली नाही. तितक्यात सून आत गेली. मुलाने आजीला काही विचारले. मावशींनी माझ्याकडे पाहिले. मला हिब्रू येत नव्हती. मुलाने पुन्हा विचारले, या खेपेस हातांच्या खुणा करून: चिमणीने दार उघडले का नाही?

मावशींनी मराठीतच उत्तर दिले, चांगले लांबलचक. तो शेवटपर्यंत ऐकत बसला होता.