दोन इंच

वडिलांची नोकरी नागपूरला आणि आजोळ कणकवलीजवळ, त्यामुळे आमची मे महिन्याची सुट्टी लाकडी फळीवर सुरू व्हायची. आई होल्डॉल उलगडायची, वर सतरंजी घालायची, तरी इगतपुरीला जाग यायची ती बरगड्या मोजतच. मुंबईहून पुढे रात्रभर एसटी आणि कशेडीचा घाट. 1974 साली रेल्वेने थर्ड क्लास मोडीत काढला आणि आम्ही एकदम सेकंड क्लासचे प्रवासी झालो. डब्यावरची पाटी बदलली, फळी तीच राहिली.

त्या फळीवर दोन इंच फोम आला तो मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, 1977 ते 79 या काळात. आधी मोठ्या मार्गांवरच्या गाड्यांना, मग हळूहळू सगळीकडे. पहिल्यांदा त्या रेक्झिनवर आडवा झालो तेव्हा आईने सवयीने सतरंजी काढली आणि परत ठेवून दिली. मंत्र्याचा निर्णय आपल्या पाठीला कळावा, असं माझ्या आयुष्यात पुन्हा फारसं घडलं नाही.

आजोळी मात्र कौतुकात खोच असायची. तिथले खासदार नाथ पै गेल्यावर 1971 मध्ये राजापूरने दंडवत्यांना लोकसभेत पाठवलं होतं. माणूस अहमदनगरचा, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारा, गोव्याच्या सत्याग्रहात उतरलेला समाजवादी. कोकणाने त्यांना आपलं मानलं ते इतकं, की 1971 ची इंदिरा लाट आली, 1984 ची सहानुभूतीची आली, राजापूर हललं नाही. पण मतदारसंघात रेल्वेचा रूळ एक नव्हता. आजी म्हणायची, “रेल्वेचो मंत्री झालो, पण रेल्वे खंय आसा?” तिने तोवर आगगाडी पाहिलीही नव्हती. आगबोट पाहिली होती.

मला स्वतःला यात दंडवत्यांचा मोठेपणा दिसतो, आजीला दिसला नाही, आणि तिचंही चूक नव्हतं. त्यांना मत देणारी माणसं एसटीत उभी, आणि ते गादी घालत होते हावड्याच्या, मद्रासच्या गाडीला. 1977 च्या डिसेंबरात मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिच्यात पहिला वर्गच नव्हता. 1974 च्या रेल्वे संपात नोकरी गेलेल्या कामगारांना परत घेतलं गेलं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. मंत्री होण्याच्या जरा आधी हेच गृहस्थ आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते. संसदीय समितीच्या कामाला गेले होते, तिथूनच वाजपेयी-अडवाणींबरोबर उचलले गेले. प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायकोचा संसार तेव्हा पत्रांवर चालला. तुरुंगातली जमीन पाठीला लागली होती म्हणून फोम सुचला, असं म्हणायचा मोह होतो. पण पुरावा नसताना म्हणू नये. शास्त्राच्या प्राध्यापकाला ते आवडलं नसतं.

पुढे 1989 मध्ये ते अर्थमंत्री झाले, सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांनी रद्द करायला घेतला. त्याच सरकारात रेल्वे जॉर्ज फर्नांडिसांकडे होती आणि 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. दंडवते वर्षानुवर्षं जिचा पाठपुरावा करत होते, ती गाडी अखेर मार्गाला लागली. 1991 मध्ये राजापूरने त्यांना पाडलं. 1998 च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरपर्यंत रूळ पूर्ण झाला, तेव्हा ते आमचे खासदार नव्हते.

2005 च्या नोव्हेंबरात ते गेले. देह जे. जे. रुग्णालयाला दिला.

हल्ली मी कणकवलीला एसीने जातो, गुडघ्यांमुळे. स्लीपरचे डबे कमी करून एसीचे वाढवायची रीत पडली आहे. गणपतीच्या दिवसांत जनरलच्या दारात लोंबकळणारा चाकरमानी पाहिला की मी शेजारच्या प्रवाशाला दंडवत्यांचं नाव सांगतो. तो बहुतेक वेळा विचारतो, “कोणत्या पक्षाचे?”