गुडघाभर माया

ऑफिसात कुणी नुकतंच थायलंडला जाऊन आलं असेल, तर त्याचा मोबाईल मागून बघा. बँकॉकचे मॉल, पट्टायाचं पॅरासेलिंग, स्ट्रीट फूड, पुन्हा मॉल... आणि मग तो एक फोटो येतोच. उभेच्या उभे चुनखडीचे कडे, मधे पोपटी-निळं पाणी आणि पिठासारख्या वाळूत गॉगल लावून उभा असलेला आपला कलीग. ही माया बे. फी फी बेटांमधली. 'द बीच' नावाच्या सिनेमात लिओनार्दो दिकाप्रिओ ज्या किनाऱ्यापायी वेडा होतो, तोच हा किनारा.

आता फोटो जरा नीट बघा. कलीग पाण्यात कुठवर उभा आहे? घोट्यापर्यंत. फार तर गुडघ्यापर्यंत. त्याला पोहता येत नाही म्हणून नव्हे, तर पुढे जायला बंदी आहे म्हणून!

फुकेतहून स्पीडबोटीने फी फीला जाऊन संध्याकाळी परत यायचं, ही थायलंडमधली सगळ्यात जास्त विकली जाणारी ट्रिप असावी. निदान फुकेतच्या रस्त्यावर दर दहा पावलांवर कुणीतरी तिचं ब्रोशर तुमच्या हातात कोंबतंच. स्नॉर्केलिंग, लगून, जेवण, एखाद्या बेटावर लोळणं आणि माया बे, सगळं एका दिवसात. पॅकेज ऐकूनच दम लागतो. पण आपल्याकडे चार दिवसांची रजा मिळवायला बॉसला दोन महिने पटवावं लागतं, त्यामुळे एका दिवसात सगळं बसवणारी ही ट्रिप आपल्यासाठीच बनलीये असं वाटतं.

मी गेले ती मैत्रिणीला घेऊन. ती आयटीत. एक्सेलच्या शीटमध्ये ट्रिपचा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडणारी, आणि पाण्याला जाम घाबरणारी. "मी बोटीत बसेन, तू उड्या मार," हे तिने मुंबईतच सांगून टाकलं होतं.

सकाळी साडेसहाला हॉटेलच्या दारात मिनीव्हॅन. मग मरीनावर चहा-बिस्किटं, मनगटाला रंगीत पट्टी आणि गाइडचं भाषण. चपला एका टोपलीत जमा करायच्या, त्या संध्याकाळी परत मिळतात. दिवसभर अनवाणी! गरोदर बायकांना आणि पाठीचं दुखणं असलेल्यांना स्पीडबोटीत घेत नाहीत. हे ऐकताना उगाच कडक नियम वाटतो. समुद्रात शिरल्यावर पाचव्या मिनिटाला तो का आहे ते कळतं.

एक लक्षात ठेवा. एसटीत शेवटची सीट उडवते, स्पीडबोटीत पहिली. पुढे बसलात तर व्ह्यू झकास, फोटो झकास, पण प्रत्येक लाटेला बूड आपटणार. मागे बसलात तर पेट्रोलचा वास येईल, पण जीव शाबूत राहील. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुतेक वेळा समुद्रालाच अर्पण होते. आमच्या बोटीत रशियन होते, एक चिनी ग्रुप होता आणि ठाण्याचे एक काका-काकू होते. काकूंनी सगळ्या बोटीला आलेपाकाच्या वड्या वाटल्या. रशियनांनी दोन-दोन घेतल्या.

साधारण तासाभराने कडे दिसायला लागतात. फी फी म्हणजे एक बेट नव्हे. मोठं फी फी डॉन, तिथे वस्ती आहे. छोटं फी फी ले, तिथे माणूस राहत नाही. आपल्या कामाचं बरंचसं या छोट्यात. आधी वायकिंग केव्ह. आत भिंतीवर जहाजांची चित्रं आहेत म्हणून हे नाव, वायकिंगांचा तसा काही संबंध नाही. बाहेरून बांबूच्या उंच परांच्या दिसतात. पाकोळीसारखे पक्षी इथे लाळेने घरटी बांधतात आणि त्या घरट्यांचं सूप चिनी मंडळी प्रचंड पैसे देऊन पितात. आत जाता येत नाही, बोटीतूनच बघायचं. आमच्या चिनी सहप्रवाशांनी फोटो काढले. काकूंनी नाकाला पदर लावला.

मग पिले लगून. हिरव्या पाण्याचा हौद आणि भोवती उंच भिंती. इथे उडी मारता येते. मैत्रीण बोटीतच, हिशेब करत.

आणि मग माया बे. पण बोट थेट खाडीत शिरत नाही. ती बेटाला वळसा घालून मागच्या लोह समाह खाडीतल्या तरंगत्या धक्क्याला लागते. तिथून लाकडी पुलावरून, झाडीतून चालत दुसऱ्या बाजूला जायचं. झाडी संपते आणि समोर तो फोटो. तोच, पण खरा. बोलणं बंद होतं, खरंच.

पाण्यात दोरी आणि किनाऱ्यावर शिट्टी घेतलेले नॅशनल पार्कचे रक्षक. गुडघ्याच्या पुढे गेलात की शिट्टी!

"म्हणजे चारशे बाट तिकीट देऊन पाण्यात उतरायचंच नाही?" काका चिडले. पार्कचं तिकीट परदेशी प्रौढांना 400 बाट, थाई माणसाला त्यापेक्षा खूप कमी. ताजमहालाच्या रांगेत गोऱ्या पर्यटकांकडे बघून आपल्याला जो आनंद होतो, तो इथे थाई लोक घेतात. काकांचा हिशेब सरळ होता. पैसे भरले, मग वसूल झाले पाहिजेत. खरं सांगायचं तर त्या क्षणी बोटीतल्या निम्म्या लोकांच्या मनात तेच होतं.

बंदीमागची गोष्ट अशी. 1999 मध्ये इथे 'द बीच'चं शूटिंग झालं. डॅनी बॉयल दिग्दर्शक, सिनेमा आला 2000 मध्ये. शूटिंगसाठी वाळूचे उंचवटे सपाट केले, मूळची झुडपं काढली, नारळाची झाडं लावली. थायलंडचा किनारा परदेशी प्रेक्षकाला 'थायलंडसारखा' दिसायला हवा ना! सिनेमात खाडी चारही बाजूंनी बंद दिसते, तीही कम्प्युटरची करामत. प्रत्यक्षात ती समुद्राकडे उघडी आहे. स्थानिक लोक कोर्टात गेले. पर्यावरणाचं नुकसान झालं, हा निकाल थायलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कायम केला. खटल्याचं भिजत घोंगडं मात्र 2022 पर्यंत पडून होतं.

पण शूटिंगपेक्षा जास्त नुकसान सिनेमा बघून आलेल्यांनी केलं. म्हणजे आपण. जगापासून लपलेल्या, कुणाला न सापडलेल्या किनाऱ्याची ती गोष्ट बघून लोक असे आले की 2018 च्या आधी या एवढ्याशा खाडीत दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं उतरायची. बोटी थेट वाळूला लागायच्या. नांगर प्रवाळांवर पडायचे. आमचा गाइड तेव्हापासून याच मार्गावर आहे. तो सांगत होता की, अकरा वाजता माणसं उतरवायला दोन बोटींमधली फट शोधावी लागायची. वाळू दिसायचीच नाही, दिसायच्या त्या बोटी.

1 जून 2018 ला सरकारने खाडी बंद केली. सुरुवातीला चार महिन्यांसाठी. मग शास्त्रज्ञांनी सांगितलं की चार महिन्यांत काही होणार नाही, आणि बंदी बेमुदत झाली. धंदेवाल्यांनी आरडाओरडा केला. आमचा गाइडही त्यात होता, त्यानेच सांगितलं. त्यानंतर कोव्हिड, म्हणजे टुरिस्टच नाहीत. तो गावी जाऊन रबराच्या झाडांचा चीक काढायचं काम करत होता. खाडीत मात्र तेवढ्यात प्रवाळांचे तुकडे लावले गेले, वाळू पुन्हा बसली, आणि ब्लॅकटिप रीफ शार्क परत आले. 1 जानेवारी 2022 ला खाडी उघडली ती नव्या अटींवर. एका वेळी 375 माणसं, एक तास, बोटी मागच्या दाराने आणि पोहणं बंद.

शार्क म्हटल्यावर घाबरू नका. हा 'जॉज'वाला नव्हे. पूर्ण वाढला तरी जेमतेम माणसाएवढा, स्वभावाने भित्रा. त्याची पिल्लं उथळ पाण्यात, अगदी किनाऱ्याजवळ वाढतात, कारण तिथे मोठे मासे पोहोचत नाहीत. म्हणजे आपण जिथे डुंबणार, नेमकी तीच त्यांची बालवाडी.

काका अजून कुरकुरत होते, तेवढ्यात काकूंनी त्यांचा दंड धरला. "अहो, ते बघा." दोरीच्या थोडं पलीकडे, मांडीभर पाण्यात, हातभर लांबीची एक सावली. मग दुसरी. पाठीवरच्या पंखाचं टोक काळं, ब्रशने रंगवल्यासारखं. ती पिल्लं आमच्याकडे लक्षही न देता किनाऱ्याला समांतर गेली, वळली, परत आली. काकांनी मोबाईल काढला, आणि मग न वापरता खिशात ठेवला. मला वाटतं, चारशे बाट तिथे वसूल झाले. काकांना मी विचारलं नाही.

स्नॉर्केलिंग त्यानंतर, फी फी डॉनच्या कडेला. इथे जरा सविस्तर सांगते, कारण 'मला पोहता येत नाही' म्हणून बोटीत बसून राहणारे निम्मे लोक आपलेच असतात. स्नॉर्केलिंगला पोहणं लागत नाही. लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगवतं, खारं पाणी त्याला मदत करतं. तुम्ही फक्त तोंड पाण्यात घालून नळीतून श्वास घ्यायचा. अडचण मनाची असते. तोंड पाण्यात गेलं की नाक आपोआप श्वास ओढायला बघतं, मास्कने ते बंद असतं, आणि माणूस घाबरतो. म्हणून आधी बोटीच्या शिडीला धरून, गळ्यापर्यंत पाण्यात राहून नुसते दहा श्वास तोंडाने घ्या. मास्कच्या कडेत केस अडकू देऊ नका, पाणी शिरतं. मिशीवाल्यांचा मास्क हमखास गळतो. काच धूसर होऊ नये म्हणून आत थुंकून चोळा आणि खळबळून घ्या. हो, थुंकूनच! आणि अगदीच धास्ती असेल तर आधी मालवणला जा. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास सोबतीचा माणूस हात धरून, मराठीतून धीर देत पाण्यात नेतो. भीती मातृभाषेत लवकर उतरते.

मैत्रीण चौथ्या प्रयत्नात शिडी सोडून माझा हात धरून आली. माझ्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा संध्याकाळपर्यंत होत्या. खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे, एक निमो, आणि चोचीने प्रवाळ कुरतडणारे पॅरटफिश. पाण्यात तो कुरतडण्याचा आवाज चक्क ऐकू येतो. हे मासे प्रवाळ खातात आणि वाळू बाहेर टाकतात. ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूत आपण फोटो काढतो, तिच्यात या माशांच्या शीचा वाटा मोठा आहे. हे मैत्रिणीला मी बोटीत परतल्यावर सांगितलं. तिने शीटमध्ये नोंद केली की नाही, माहीत नाही.

पण सगळंच रंगीत नव्हतं. मधेमधे प्रवाळांचे राखाडी, मोडके ढीग होते. काही बोटींच्या नांगरांनी, काही फिनच्या लाथांनी मेलेले, काही गरम पाण्याने. 2024 मध्ये तर समुद्र इतका तापला की जगभर प्रवाळ पांढरे पडले. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, प्राणी. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तुम्ही दमलात म्हणून त्याच्यावर पाय टेकवून उभे राहिलात, तर तुमच्या वयाएवढं काम एका मिनिटात मोडतं. शिवाय आसपास लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन असतात, ते हिशेब तिथल्या तिथे चुकता करतात. माशांना पाव टाकायलाही बंदी आहे. पावाची सवय लागली की ते प्रवाळांवरचं शेवाळ खायचं सोडतात. आणि सनस्क्रीन! ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीमं थायलंडच्या नॅशनल पार्कांत 2021 पासून बंद आहेत, दंड एक लाख बाटपर्यंत. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर घरीच वाचा. सगळ्यात सोपं म्हणजे पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टी-शर्ट. क्रीमही वाचतं आणि 'किती काळी झालीस!' हेही ऐकावं लागत नाही.

जेवण फी फी डॉनवर, बुफे. वस्ती बरीचशी मुस्लिम, त्यामुळे जेवण हलाल. शाकाहाऱ्यांना भात, भाज्या, नूडल्स, कलिंगड मिळतं, पण फिश सॉस कशात आहे ते विचारून घ्या. जेवणाच्या जागेजवळ निळ्या पाट्या दिसतात. त्सुनामी आली तर पळायचा रस्ता. हे गाव दोन खाड्यांमधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर वसलंय. 26 डिसेंबर 2004 ला पाणी दोन्ही बाजूंनी आलं. आता त्याच पट्टीवर पॅनकेकच्या गाड्या आणि टॅटूची दुकानं आहेत. गाइड याबद्दल फार बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

शेवटी बांबू आयलंड. इथे काही बघायचं नाही, आणि तेच त्याचं सुख. झाडांची सावली, पांढरा किनारा, पोहायला मोकळीक. पूर्ण दिवसात घड्याळ न बघितलेला हा एकच तास. काका पाण्यात पालथे पडले होते, काकू वाळूत पाय पसरून चिनी आजींना खुणांनी आलेपाकाची रेसिपी सांगत होत्या. मैत्रीण छातीभर पाण्यात उभी होती. एकटी.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑक्टोबर या बाजूला पावसाळा, समुद्र खवळलेला, आणि ट्रिप ऐनवेळी रद्दही होते. ऑफ सीझनला पॅकेज स्वस्त मिळतं म्हणून ऑगस्टचं तिकीट काढत असाल, तर बुकिंगआधी एक प्रश्न नक्की विचारा. माया बे दरवर्षी 1 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर पूर्ण बंद असते. ब्रोशरवर फोटो मात्र बाराही महिने तोच असतो.