गोवळकोंड्याची नर्तकी

२०१७ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सपत्नीक लंडनला कन्येकडे गेलो होतो. शाळेचे पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन त्या वर्षी आपल्यावाचून होणार, एवढी एक बोच सोडली तर मन प्रसन्न होते. एका सायंकाळी कन्येने चार तिकिटे पुढे धरली. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहाची बॅले मंडळी दौऱ्यावर आली होती, आणि कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये तिचे प्रयोग चालू होते. तिकिटावरील किंमत मात्र कन्येने अंगठ्याखाली झाकली होती. "बाबा, रुपयांत हिशेब करायचा नाही," एवढीच तिची अट.

नाटक म्हटले की संवाद हवेत, पदे हवीत, अशी आमची समजूत. येथे तर सारी रात्र कोणी चकार शब्द काढणार नव्हते. म्हणून सर्वांत वरच्या सज्जातील आमच्या जागा गाठल्यावर प्रथम कथानकाची पुस्तिका उघडली, आणि चमकलो. कथा घडते कोठे, तर आमच्या तेलंगणातील गोवळकोंड्यात!

'ला बायादेर' म्हणजे देवळातील नर्तकी. गोव्यातील देवळांमधून नाचणाऱ्या स्त्रियांना पोर्तुगीज 'बायलादैरा' म्हणत, तोच शब्द फ्रेंचांच्या तोंडी असा झाला. पाँडिचेरीजवळच्या एका देवळातील नर्तकींचा ताफा १८३८ साली पॅरिसला गेला होता. त्या दर्शनाने तिकडच्या कवी-कलावंतांना वेडे केले. पुढे मारियुस पेतिपा या फ्रेंच नृत्यकाराने मिंकुसच्या संगीतावर १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये हा बॅले रचला. हिंदुस्थानात त्याचे पाऊल कधी पडले नव्हते, आणि ते पदोपदी दिसत होते. गोवळकोंड्याच्या राजाचे नाव दुग्मंत! (दुष्यंताचा अपभ्रंश असावा.) १५१८ पासून १६८७ पर्यंत तेथे कुतुबशाही नांदली, हे आमच्या सातवीच्या मुलांनाही ठाऊक असते, हा दुग्मंत केव्हा होऊन गेला, ते आम्ही कोणत्याच वर्गाला शिकविलेले नाही. अग्नीभोवती फकीर उड्या मारत होते, कापडी वाघ वाहून आणला गेला, चाकांवरचा हत्ती आला. डोक्यावर घट घेऊन एक युवती नाचू लागली, तेव्हा सौभाग्यवती आमच्या कानाशी लागल्या, "अहो, घट रिकामा आहे. भरलेली कळशी घेऊन असे गिरकत नाहीत."

आम्ही हसलो. पण ते हसू फार टिकले नाही.

देवळातील नर्तकी निकिया हिचे सोलोर या योद्ध्यावर प्रेम. राजा आपली कन्या त्याला देऊ करतो आणि तो कबूल होतो. त्याच समारंभात निकियेला नाचण्याची आज्ञा होते. तिच्या हाती फुलांची परडी येते, परडीत साप. दंश झाल्यावर मुख्य पुजारी विषावरचे औषध पुढे करतो. परंतु सोलोर पाठ फिरवून राजकन्येबरोबर निघालेला पाहून ती औषध नाकारते. नाचण्याची आज्ञा झालेल्या त्या मुलीकडे पाहताना, न नाचण्याची आज्ञा झालेली एक मुलगी आपल्या शेजारीच बसली आहे, याची आम्हांस आठवण झाली.

कन्या आठवीत असल्यापासून आदिलाबादेत कुचिपुडी शिकत होती. दहावीचे वर्ष आले आणि आम्ही ते बंद केले. कारण सांगितले परीक्षेचे. खरे कारण निराळे होते. शिक्षकांच्या खोलीत एकाने सहज विचारले होते, "सर, आपली मुलगी नाचते म्हणे?" त्या 'म्हणे'ने आम्ही गारठलो. घरी येऊन घुंगरू काढून ठेवण्यास फर्माविले. ती रडली नाही, अभ्यासाला बसली. दहावीला तिचा पहिला क्रमांक आला आणि आम्ही पेढे वाटले.

शेवटच्या अंकात सोलोर अफूच्या धुंदीत निकियेची छाया पाहतो. अंधारातून पांढऱ्या वस्त्रांतील एक नर्तकी उतरणीवर येते, एक पाय मागे ताणून पुढे झुकते, सावरते, दोन पावले टाकते. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी, अशा बत्तीस. सर्वांचे एकच पाऊल. जी प्रथम येते तिला ते तीसहून अधिक वेळा करावे लागते, तेही तोल न ढळता. दिंडीत पावली खेळताना काही वेळाने पाऊल नाहीसे होऊन नुसता ठेका उरतो, तसे काहीसे झाले. गोवळकोंडा नव्हता, राजा नव्हता, हसण्याजोगे काही उरले नव्हते.

शेजारी पाहिले. कन्येची नजर रंगमंचावर आणि टाच जमिनीवर अगदी हळू पडत होती.

परतताना भुयारी गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, माझे घुंगरू आहेत का गं अजून?"

आम्हांस ते ठाऊक नव्हते.

"आहेत की, माळ्यावरच्या पेटीत," सौभाग्यवती म्हणाल्या. "दर दिवाळीला काढते, चिंचेने घासते, पुसून परत ठेवते."

"कधी बोलली नाहीस ते!"

"कोणी विचारले नाही."

उतरण्याचे स्थानक आले, हे आम्हां तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही. जावईबापूंनी पिशव्या उचलल्या आणि दार मिटण्यापूर्वी आम्हांस खाली उतरविले.