खुर्ची सोडल्यानंतर

गेल्या चातुर्मासात एका संध्याकाळी आमच्या ओळखीचे एक कापड व्यापारी घरी आले. वय पन्नाशीच्या थोडे अलीकडे. दुकान तिसऱ्या पिढीचे. चहा झाला, ख्यालीखुशाली झाली, पण गृहस्थ उठेनात. शेवटी खालच्या मानेनेच म्हणाले, "काका, लग्नसराईतही गल्ला भरत नाही. पोरं मोबाईलवर कापड मागवतात. दुकान बंद करावं असं रोज वाटतं. पण बंद करून मी काय करू? मला दुसरं येतं तरी काय?"

हा प्रश्न ऐकताच मी चोवीस वर्षे मागे गेलो. अगदी याच शब्दांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता. फरक इतकाच की, ते दुकान सोडू पाहत आहेत आणि मी नोकरी सोडली होती. त्या दिवशी त्यांना जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले, ते येथे लिहीत आहे. आपल्या समाजातील अनेक घरांत आज हाच विषय रात्रीच्या जेवणानंतर निघतो, असा माझा अनुभव आहे.

आमचे घराणे भुसार मालाच्या व्यापारातले. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या जनक पित्याच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या, नावाने जयसिंगपूर वसवले. सरळ आखलेल्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आणि जवळून जाणारा मिरज-कोल्हापूर लोहमार्ग, अशी ही बाजारासाठीच आखलेली पेठ. आजोबांनी येथे पेढी थाटली आणि वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, ती वाढवली. मी थोरला. पण शिवाजी विद्यापीठातून एम.कॉम. झालो आणि 1982 साली राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. अण्णांना ते फारसे रुचले नव्हते. "आपण चार माणसांना पगार देणारी माणसं, पगार घेणारी नव्हे," एवढेच ते म्हणाले. पेढी धाकट्या भावाने सांभाळली.

बँकेत एकोणीस वर्षे गेली. कारकून, अधिकारी, मग शाखाधिकारी. कर्जप्रस्ताव वाचणे, तारण पाहणे, ताळेबंद तपासणे, वसुलीला जाणे, हेच आयुष्य. सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना 2000 सालच्या अखेरीस आली. पंधरा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय पूर्ण असणाऱ्यांस अर्ज करता येत असे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या सेवेचा पगार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळणार होती. देशभरातून सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी त्या योजनेत बँका सोडल्या. त्यांतला मी एक. तेव्हा माझे वय बेचाळीस होते. मुलगा नववीत, मुलगी सहावीत. पुन्हा एक बदली समोर होती आणि आईची प्रकृती ठीक नव्हती. कारणे खरी होती. परंतु मनाच्या तळाशी आणखी एक कारण होते, ते आज कबूल करतो. एकोणीस वर्षे इतरांचे व्यवसाय तपासल्यामुळे व्यवसाय आपल्याला कळतो, असा माझा समज झाला होता.

त्या समजाची किंमत मी रोख मोजली.

मिळालेल्या पैशातून मी पशुखाद्याची एजन्सी घेतली. आमच्या भागात दारोदारी दुभती जनावरे, दुधाचे बिल दर दहा दिवसांनी, तेव्हा पेंडेला मरण नाही, असा हिशोब मांडला. कागदावर तो बिनचूक होता. एखाद्या कर्जदाराने तसा प्रकल्प अहवाल आणला असता तर मी आनंदाने शिफारस केली असती. माल मात्र आगाऊ पैसे भरून उचलावा लागे आणि खेड्यांतले दुकानदार तो उधारीवर मागत. त्यांचे गिऱ्हाईक शेतकरी, आणि शेतकऱ्याचे मोठे देणे फिटते ते ऊसबिलावर. बिल लांबले की सगळी साखळी लांबते. मी मात्र तीस दिवसांची मुदत घालून दिली होती आणि तीस दिवस म्हणजे तीसच, असे मानत होतो.

दुसऱ्या वर्षी थकबाकी वाढली, तेव्हा मी बँकेत करीत असे तेच केले. सहा दुकानदारांना रजिस्टर पोस्टाने नोटिसा धाडल्या. त्यांतले एक गृहस्थ अण्णांच्या पेढीशी तीस वर्षे व्यवहार असलेले. ते नोटीस हातात घेऊन थेट आमच्या घरी आले, अण्णांसमोर ठेवली आणि पाणीही न घेता निघून गेले. अण्णा माझ्यावर रागावले नाहीत. कागद दोनदा वाचून ते म्हणाले, "बाळ, उधारी कागदानं येत नाही. त्याच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं. त्याच्या घरात कोण आजारी आहे ते आधी विचारावं लागतं. तू बँक सोडलीस, पण खुर्ची बरोबर घेऊन आलास."

2004 साली एजन्सी बंद केली. मिळालेल्या रकमेपैकी सुमारे एक तृतीयांश बुडाली होती. सर्वांत अवघड गोष्ट पैसे जाणे ही नव्हती. पत्नीला खरा आकडा सांगणे ही होती. आठ महिने मी तो लपवला. शेवटी सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मला आकड्याचं दुःख नाही, आठ महिने तुम्ही एकटे जागत होता, त्याचं आहे." जो कोणी आज व्यवसाय बदलण्याच्या विचारात आहे, त्याने हे एवढे तरी माझ्याकडून शिकावे. घरापासून आकडे लपवू नयेत.

त्या रिकाम्या दिवसांत मी कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी पुन्हा वाचले. कुंभोज आमच्यापासून जवळच. 1887 साली तेथे, आपल्याच समाजातील एका घरात, त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांचे नाव ऐकत आलो होतो. पण शाळेत शिकवतात ते कर्मवीर थेट रयत शिक्षण संस्थेपासून सुरू होतात. त्याआधीचे भाऊराव मला बेचाळिशीनंतर भेटले. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षणही पुरे न झालेला हा तरुण साताऱ्यात शिकवण्या करीत असे. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरले, कूपर यांच्या कारखान्यातही काम केले. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. अशा माणसासमोर नांगर ठेवून त्याचे मन वळवणे सोपे नव्हते. 1919 साली कराडजवळील काले येथे त्यांनी संस्था स्थापन केली, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. 1924 साली संस्था साताऱ्यास आली. वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे आपण सारे जाणतो.

त्या वाचनात मला एक गोष्ट उमगली. भाऊरावांनी व्यवसाय बदलला. पण नांगर विकताना कमावलेले काहीही वाया जाऊ दिले नाही. गाव कसे असते, कोणाच्या ओसरीवर बसावे, नकार देणाऱ्याकडे पुन्हा कसे जावे, हे त्यांना फिरस्तीने शिकवले असणार. वसतिगृहासाठी मुले आणि धान्य गोळा करताना तीच विद्या उपयोगी पडली असावी, असे मला वाटते. त्यांनी सोडली ती मिळकत. अंगचे कसब त्यांच्याबरोबर गेले. मी नेमके उलटे केले होते. कसब बँकेत ठेवून आलो आणि रुबाब तेवढा सोबत आणला.

मग एका रात्री रोजमेळाची एक जुनी वही घेतली आणि पानाच्या मध्ये रेघ ओढली. डाव्या बाजूला, बँकेने मला काय दिले होते: खुर्ची, शिक्का, सही, 'साहेब' ही हाक. उजव्या बाजूला, मला स्वतःला काय येते: ताळेबंद वाचता येतो, वह्यांतली चूक सापडते, कायद्याची भाषा कळते, रात्री दहापर्यंत कंटाळा न करता आकडेमोड करता येते. डावी बाजू पुसून टाकली. उजवीकडे जे उरले त्यात पेंड विकणे कोठेच नव्हते.

1 एप्रिल 2005 रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, लागू झाला. बाजारपेठेत गोंधळ उडाला. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट कशी घ्यायची, बिलावर काय छापायचे, विवरणपत्र कसे भरायचे, काहीच कोणाला उमजेना. भाऊ वह्या घेऊन माझ्याकडे आला. "दादा, तू एवढा शिकलेला, हे काय आहे सांग." मलाही ठाऊक नव्हते. पण हे शिकता येईल, एवढे ठाऊक होते. सांगलीतील एका कर सल्लागारांकडे गेलो. ते माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. त्यांच्या कार्यालयात आठ महिने विनामोबदला काम केले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बिले लावली, बेरजा तपासल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी चूक दाखवली, तेव्हा कान तापले. दुसऱ्या महिन्यात चूक दाखवल्याबद्दल आभार मानू लागलो.

याच काळात एका व्यापाऱ्याचे कागद घेऊन एका बँकेत जावे लागले. जेथे लोक मला पाहून उठत, तसल्याच एका दालनाबाहेर मी फाईल घेऊन पाऊण तास बाकावर बसलो. आतले अधिकारी पूर्वी माझ्या हाताखाली होते. त्यांनी मला ओळखले, आदराने बोलले, चहा मागवला. त्यांच्या वागण्यात काही उणे नव्हते. तरी बाहेर आल्यावर स्कूटर सुरू करायला मला थोडा वेळ लागला. व्यवसाय बदलताना पैशाची तयारी सगळे करतात. त्या बाकावर बसण्याची तयारी कोणी करीत नाही.

पहिल्या वर्षी अकरा व्यापाऱ्यांचे काम मिळाले. त्यांत ज्यांना मी नोटीस धाडली होती, ते गृहस्थही होते. मी स्वतः त्यांच्या गावी जाऊन ओसरीवर बसलो, क्षमा मागितली. त्यांनी थकलेली रक्कम हप्त्यांनी पूर्ण फेडली आणि वह्याही माझ्या हवाली केल्या. अण्णांना ते सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. मात्र त्या दिवसापासून पेढीच्या व्यवहारात माझा सल्ला विचारू लागले.

पुढे 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि बारा वर्षांत शिकलेले बरेचसे पुन्हा पाटी पुसून शिकावे लागले. कर-व्यावसायिक म्हणून काम चालू ठेवायचे तर परीक्षा देणे आवश्यक झाले. एकोणसाठाव्या वर्षी, नातवंडांच्या वयाला शोभणाऱ्या चिंतेने, संगणकासमोर बसून मी ती दिली. उत्तीर्ण झाल्याचे कळले तेव्हा सुनेने शेजारीपाजारी पेढे वाटले. बँकेतील बढतीचे पेढे मला आठवत नाहीत, हे आठवतात.

आपल्या समाजात व्यवसाय बदलणे म्हणजे हार मानणे, असे अजूनही पुष्कळांना वाटते. वाडवडिलांची पेढी बंद होणे हा घराण्याला कमीपणा मानला जातो. परंतु आपल्या आजोबांनी तरी काय केले? गाव सोडले, नव्या पेठेत नवा धंदा मांडला. जळगावचे भवरलालजी जैन यांनी सरकारी नोकरीची संधी बाजूला ठेवून 1963 साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलचा व्यापार सुरू केला. पुढे पपईपासून पपेन, मग पाइप आणि ठिबक सिंचन, असे ते वळत गेले. टिकून राहणे म्हणजे एका जागी बसून राहणे नव्हे, हे व्यापाऱ्याला दुसऱ्याने सांगायला नको.

तथापि उडी मारा, असा सल्ला मी कोणाला देणार नाही. मी उडी मारली होती आणि पडलो होतो. घरखर्चाची दोन वर्षांची रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि तिला हात लावू नये. जुने काम चालू असतानाच नव्या कामाच्या जागी काही महिने उमेदवारी करावी, शिकवणारा वयाने लहान असला तरी. आपले कसब कोणते आणि दुकानाच्या पाटीने दिलेले मोठेपण कोणते, ते कागदावर वेगळे करावे.

त्या संध्याकाळी मी त्या कापड व्यापाऱ्यांसमोर वही ठेवली आणि मध्ये रेघ ओढून दिली. बराच वेळ ते लिहीनात. मग म्हणाले, "काका, कापडाला नुसता हात लावून मी पोत सांगतो. कोणत्या घरात कोणता रंग चालेल ते बाईंनी तोंड उघडायच्या आधी कळतं. पण हे काय लिहिण्यासारखं आहे?"

"तेच आधी लिहा," मी म्हटले.

त्यांनी उजव्या बाजूला दोन ओळी लिहिल्या. पान अजून बरेच रिकामे आहे. येत्या सोमवारी ते गेल्या तीन वर्षांच्या वह्या घेऊन येणार आहेत, आणि मी त्यांना बजावले आहे की येताना वहिनींनाही बरोबर आणा.